लुतीचा किडा, चिकटपट्टी आणि गेंडा : कातडीचा नमुना घेण्याचा इतिहास

आमच्या इमारतीतल्या एका काकांकडे लॅब्रेडॉर आहे. दोन महिने त्याची खाज थांबेना म्हणून ते त्याला नव्या पशुवैद्यांकडे घेऊन गेले आणि तिथून थेट माझ्याकडे आले.

"अहो डॉक्टर, तुमच्यात असं करतात का? आधी पोटाला सेलोटेप लावून उपटली. मग पायाची कातडी ब्लेडने रक्त येईपर्यंत खरवडली. मग कानात कापूस फिरवला. वर बरगडीजवळच्या गाठीत सुई! एका कुत्र्याच्या खाजेला चार-चार उपद्व्याप? आधीच्या डॉक्टरांनी नुसतं बघून इंजेक्शन दिलं होतं."

मी माणसांचा डॉक्टर. तरी काकांचे शेवटचे वाक्य मला टोचले, कारण 'नुसतं बघून इंजेक्शन' हा प्रकार आमच्याकडेही कमी नाही. काकांना तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर दिले. पण त्या चारही कृतींमागे ३०० हून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात डॉक्टरांची चांगलीच फजिती झालेली आहे. ती वाचायला तुम्हालाही आवडेल असे वाटते.

वाचकहो, या तपासणीला सायटॉलॉजी म्हणजे पेशीतपासणी म्हणतात. कातडीवरून किंवा कातडीच्या आतून पेशी, जंतू, बुरशी जे काही मिळेल ते काचपट्टीवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. काटेकोर बोलायचे तर खरजेचे किडे शोधणे ही पेशीतपासणी नव्हे. पण दवाखान्यात टेबल तेच, काचपट्टी तीच आणि सूक्ष्मदर्शकही तोच. शिवाय नमुना कुठून उचलायचा हा प्रश्न वैद्यकाला पहिल्यांदा सतावला तो किड्यांमुळेच. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

टाचणीचे टोक

माणसाची खरूज आणि कुत्र्याच्या लुतीचा एक प्रकार एकाच जातीच्या किड्यामुळे होतात. त्याचे नाव सार्कोप्टिस. तो जेमतेम अर्धा मिलिमीटरचाही नसतो. कुत्र्याचा आणि माणसाचा वाण वेगळा, पण कुत्र्याचा किडा घरच्या माणसांनाही काही दिवस खाजवायला लावतो.

सन १६८७. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जियोवान कोसिमो बोनोमो हा तरुण डॉक्टर आणि दियाचिन्तो चेस्तोनी हा औषधविक्रेता यांनी एक गोष्ट हेरली होती. गरीब बायका खरूज झालेल्या मुलांच्या हातातून टाचणीच्या टोकाने काहीतरी उकरून काढत आणि नखावर ठेवून चिरडत. बंदरावरचे गुलामही एकमेकांसाठी हेच करत. या दोघांनी एका रुग्णाला विचारले, सगळ्यात जास्त खाज कुठे सुटते? त्याने दाखवलेल्या जागेवरून बारीक सुईने एक पांढरा कण काढून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कासवाच्या आकाराचा एक जीव चालताना दिसला. पुढे त्याला अंडे घालतानाही त्यांनी पाहिले. बोनोमोने हे सारे फ्रान्चेस्को रेदी या नामवंत शास्त्रज्ञाला पत्राने कळवले आणि ते पत्र छापलेही गेले.

एखाद्या रोगाचे सूक्ष्म कारण डोळ्यांनी दाखवण्याच्या अगदी पहिल्या घटनांपैकी ही एक. पण त्या काळच्या वैद्यांच्या मते खरूज म्हणजे रक्तातले दोष बाहेर पडणे. त्यामुळे उपचार पोटातून, रेचके आणि रक्तमोक्षण यांचे. पत्र वाचले गेले, इंग्रजीतही आले, आणि वैद्य आपापली रेचके देत राहिले.

त्या पत्रात एक तपशील आहे. किडा आपण पाण्याने भरलेल्या बारीक पुळीतून काढला असे बोनोमोने लिहिले आहे. पुढच्या दीडशे वर्षांच्या घोटाळ्याचे बी काही अंशी या वाक्यात असावे, असे मला वाटते.

पॅरिसची फजिती

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरजेच्या रुग्णांची रीघ लागलेली असे. त्वचारोगशास्त्राची ती पंढरीच होती. तिथल्या गालेस या औषधशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये प्रबंध लिहून जाहीर केले, की पुळीतल्या पाण्यात मला किडा सापडला. प्रबंधात सुबक चित्रही होते. त्याचे कौतुक झाले. मग इतर डॉक्टर पुळ्या फोडून पाहू लागले आणि कोणालाही काही सापडेना. वर्षांमागून वर्षे गेली. शेवटी रास्पाय या शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये दाखवून दिले, की गालेसच्या चित्रातला किडा खरजेचा नसून जुन्या चीजमध्ये वळवळतो तसला आहे. झाले! खरजेचा किडा ही थापच, असे बहुतेकांनी ठरवून टाकले. लुगोल (आयोडीनच्या द्रावणामुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते तेच) यांनी तर किडा दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केले.

ते बक्षीस एका विद्यार्थ्याने घेतले. सिमोन फ्रान्स्वा रेनुची हा कोर्सिका बेटावरचा. गावच्या बायका टाचणीने किडा काढताना त्याने लहानपणापासून पाहिल्या होत्या. १३ ऑगस्ट १८३४ रोजी त्याने सेंट लुई रुग्णालयात भरल्या वर्गासमोर रुग्णाच्या कातडीतून किडा काढून दाखवला. त्याने पुळी फोडली नाही. पुळीच्या आसपास केसाएवढी बारीक, वेडीवाकडी रेघ असते. हे किड्याने कातडीच्या वरच्या थरात खणलेले बीळ. त्या बिळाच्या बंद टोकाला किडा बसलेला असतो. रेनुचीने टाचणी तिथे घातली.

पुळी ही शरीराने किड्याविरुद्ध दिलेली प्रतिक्रिया. त्यात किडा बहुधा नसतोच. युरोपातले उत्तम सूक्ष्मदर्शक आणि उत्तम डॉक्टर बावीस वर्षे काही मिलिमीटर चुकीच्या जागी शोधत होते. सूक्ष्मदर्शकाचा यात काडीचाही दोष नव्हता. आणि 'सापडला नाही' यावरून 'नाहीच' हा निष्कर्ष मोठमोठ्या लोकांनी काढला होता.

या काळात पशुवैद्य काय करत होते? जर्मनीच्या व्यूर्टेम्बर्ग भागातले पशुवैद्य वाल्झ यांनी १८०९ मध्ये मेंढ्यांच्या लुतीवर पुस्तक लिहिले आणि तिचे कारण किडा आहे हे मांडले. म्हणजे पॅरिसचा वाद मिटण्याच्या पंचवीस वर्षे आधी! यात पशुवैद्यांच्या हुशारीइतकाच मेंढीच्या किड्याचाही वाटा आहे. तो सोरोप्टिस. तो बीळ खणत नाही, लोकरीखाली कातडीच्या पृष्ठभागावरच राहतो आणि सार्कोप्टिसहून मोठा असतो. कडेची खपली काळ्या कागदावर झटकली तरी हलताना दिसतो. किडा कुठे राहतो, यावर तो कोणाला सापडणार हे ठरले.

किती खोल?

१८४१-४२ मध्ये आणखी एक किडा पुढे आला. जर्मनीत हेन्ले यांना तो माणसाच्या कानातल्या केसांच्या मुळाशी दिसला आणि बर्लिनच्या गुस्टाव्ह सिमोन यांना नाकावरच्या मुरुमातून पिळून काढलेल्या द्रव्यात. सिगारसारखा लांबट, आखूड पायांचा. पुढच्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी त्याला डेमोडेक्स हे नाव दिले. त्याच सुमारास कुत्र्यातही तसाच किडा आढळला आणि १८५९ मध्ये लायडिग यांनी त्याला डेमोडेक्स कॅनिस म्हटले.

हा राहतो केसाच्या मुळाच्या नळीत, डोके खाली करून. वरवर खरवडून तो मिळत नाही. म्हणून त्याच्यासाठी कातडी चिमटीत दाबायची, म्हणजे नळीतला ऐवज वर ढकलला जातो, आणि मग बोथट केलेल्या ब्लेडने केशवाहिन्यांतून रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत खरवडायचे. काकांना जे क्रौर्य वाटले ते हे. रक्ताचा ठिपका ही आपण पुरेसे खोल गेल्याची खूण असते.

सार्कोप्टिससाठी मात्र इतके खोल जाण्यात अर्थ नाही. तो वरच्या थरात असतो, पण संख्येने फार थोडा. तिथे रुंद जागा वरवर खरवडावी लागते, तीही कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचा घोटा अशा त्याच्या आवडीच्या ठिकाणी आणि एकाहून अधिक जागी. एवढे करूनही निम्म्याहून जास्त कुत्र्यांत तो हाती लागत नाही, असे त्वचारोगाची पाठ्यपुस्तके सांगतात. त्यामुळे लक्षणे जुळत असतील तर खरवड रिकामी आली तरी शहाणा पशुवैद्य किड्याचे औषध देऊन पाहतो. पॅरिसची चूक पुन्हा करायची नाही, म्हणून.

डेमोडेक्सचे उलट आहे. तो निरोगी कुत्र्यातही तुरळक असतोच. आजारात त्याची संख्या भरमसाट वाढते आणि मोठ्या किड्यांबरोबर अंडी-पिल्लेही दिसतात. शरीराची प्रतिकारशक्ती दबली की तो माजतो. आता त्या 'नुसतं बघून' दिलेल्या इंजेक्शनचा विचार करा. खाजेवर झटपट उतारा देणारे असे इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचे असते. खाज दोन दिवसांत थांबते, मालक खूश होतो, आणि आत डेमोडेक्स असेल तर त्याला रान मोकळे मिळते. महिन्याभराने तेच कुत्रे केस गळालेल्या, फोडांनी भरलेल्या अवस्थेत परत येते. लूत भरली म्हणून रस्त्यावर सोडून दिलेली पाळीव कुत्री तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या किती जणांची एकदा तरी खरवड झाली असेल, असा प्रश्न मला पडतो.

पेशी बोलू लागल्या

किडा रंगवावा लागत नाही, पेशी रंगवावी लागते. इओसिन आणि मिथिलिन ब्लू यांच्या मिश्रणाने पेशी सुंदर रंगतात हे रशियातल्या रोमानोव्स्की यांनी १८९१ मध्ये मलेरियाचा परोपजीवी शोधताना दाखवले. त्याच घराण्यातले लिशमन यांचे रंजक १९०१ मध्ये आले. ते आजही आपल्या प्रयोगशाळांच्या फडताळात असते. तीन बाटल्यांत बुडवून मिनिटभरात होणारे आजचे डिफ-क्विक याच घराण्याचे. पण ही सोय येईपर्यंत पेशीतपासणी दवाखान्यातली न राहता प्रयोगशाळेतली होती.

थोडे विषयांतर करतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी स्त्रियांची जी पॅप तपासणी होते, तिची सुरुवात प्राण्यापासून झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ यांना गिनीपिगच्या बीजांडाची नेमकी वेळ हवी होती, तीही प्राणी न मारता. नाक तपासायचे छोटे उपकरण वापरून ते रोज योनिमार्गातल्या पेशी घेऊ लागले आणि पेशी चक्राप्रमाणे बदलतात असे त्यांना दिसले. स्टॉकर्ड यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९१७ चा. तेच कौशल्य त्यांनी पुढे स्त्रियांसाठी वापरले. तेव्हा आम्ही पशुवैद्यांना शिकवले की त्यांनी आम्हाला, हा वाद न घातलेलाच बरा.

त्वचेसाठी हे काम केले आर्नो झांक यांनी. रक्तसंक्रमणाचे अग्रणी म्हणून ते पॅरिसमध्ये प्रसिद्ध होते. त्यांनी १९४७ मध्ये फोडांच्या त्वरित पेशीतपासणीची पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे असे : फोडातले पाणी तपासू नका, त्यात फारसे काही मिळत नाही. फोडाचे छप्पर उघडा आणि तळ खरवडा. तळाच्या पेशींमध्ये नागीण असेल तर अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी दिसतात, आणि पेम्फिगस असेल तर एकमेकींपासून सुटून गोल झालेल्या पेशी दिसतात. पुन्हा तेच पाहा. त्याच पॅरिसमध्ये, शंभरेक वर्षांनी, पुन्हा 'पुळीतले पाणी नव्हे' हाच धडा!

कुत्र्यातला पेम्फिगस फोलिएशियस १९७७ मध्ये वर्णिला गेला. कुत्र्यात तो पुवाच्या फोडांसारखा दिसतो, म्हणजे साध्या जंतुसंसर्गासारखाच. फरक पेशीतपासणीत कळू शकतो. ताजा फोड निर्जंतुक सुईने अलगद फोडायचा आणि त्यावर काचपट्टी टेकवायची. पांढऱ्या पेशींच्या पोटात गिळलेले गोल जंतू दिसले तर तो खरा संसर्ग. जंतू नाहीत आणि सुट्या गोल पेशींचे थवे आहेत, तर पेम्फिगसचा संशय घेऊन तुकडा तपासायला पाठवायचा. एकाला अँटिबायोटिक लागते आणि दुसऱ्याला नेमके उलटे, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. दोघांना एकच औषध दिले तर एकाचे नुकसान ठरलेले. शिवाय जंतू नसताना दिलेले प्रत्येक अँटिबायोटिक कुत्र्याच्या कातडीवर एरवी शांतपणे राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला निर्ढावायला शिकवते. मेथिसिलिनला न जुमानणारे असे जंतू आता जगभरच्या प्राणिरुग्णालयांची डोकेदुखी झाले आहेत.

चिकटपट्टी

पारदर्शक चिकटपट्टी १९३० मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी बाजारात आणली. डॉक्टरांनी ती फार लवकर उचलली. १९३९ मध्ये वोल्फ यांनी त्वचेच्या वरच्या पेशी पट्टीवर उचलून पाहिल्या. १९४१ मध्ये ग्रॅहम यांनी मुलांच्या गुदद्वाराशी पट्टी लावून बारीक जंतांची अंडी शोधण्याची युक्ती सांगितली. रात्री मुलाला खाज सुटते आणि विष्ठेच्या तपासणीत काही सापडत नाही, कारण मादी अंडी बाहेर येऊन घालते. पट्टी लावली की अंडी मिळतात. १९५१ मध्ये पिंकस यांनी एकाच जागी पुन्हा पुन्हा पट्टी लावून त्वचेचा थर न् थर सोलून अभ्यासला.

पशुवैद्यांना पट्टीची खरी गरज भासली ती एका यीस्टमुळे, आणि त्या यीस्टच्या नावात आपल्या गेंड्याची आठवण आहे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एका भारतीय गेंड्याच्या कातडीचे पापुद्रे सुटत होते. वायडमन यांनी त्या पापुद्र्यांतून एक यीस्ट वाढवले आणि १९२५ मध्ये त्याचे वर्णन करताना 'पॅकिडर्माटिस' हे नाव योजले. जाड कातडीच्या प्राण्यावरून आलेले म्हणून. आज ते मॅलासेझिया पॅकिडर्माटिस म्हणून ओळखले जाते आणि गेंड्यापेक्षा शेजारच्या कुत्र्याच्या कानात जास्त भेटते. १९५५ मध्ये गुस्टाफसन यांनी ते कुत्र्याच्या कानाच्या दाहाशी जोडले. कातडीच्या आजाराचे कारण म्हणून मात्र त्याला मान्यता मिळायला १९८० चे दशक उजाडले.

एवढा उशीर का? एक कारण असे, की हे यीस्ट निरोगी कुत्र्यावरही असते, म्हणून कल्चरमध्ये ते वाढले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. दुसरे कारण नमुन्याचे. ते राहते सर्वांत वरच्या, सुकट थरात. खोल खरवडले तर रक्त आणि तेलाच्या गर्दीत ते हरवते, आणि तुकडा काढून प्रक्रियेला पाठवला तर वरचा सुटा थर धुऊन जाऊ शकतो. चिकटपट्टी नेमका तोच थर उचलते. तेलकट, काळपट, वास मारणाऱ्या कातडीवर पट्टी चार वेळा दाबायची, रंगवायची आणि काचेवर चिकटवायची. शेंगदाण्याच्या किंवा पाऊलखुणेच्या आकाराचे जांभळे ठिपके दिसतात. एकदा पाहिले की विसरत नाही. पट्टी रंगवताना डिफ-क्विकची पहिली, स्थिरीकरणाची बाटली बहुतेक जण टाळतात. तिच्यातला अल्कोहोल पट्टीचा डिंक खराब करतो.

मग तुलना कशाशी?

एव्हाना दवाखान्यात चार-पाच पद्धती जमा झाल्या होत्या. ओल्या किंवा सपाट जागी काचपट्टी थेट टेकवणे. बोटांच्या बेचक्यात, सुरकुत्यांत, ओठाच्या घडीत चिकटपट्टी. कानात कापसाची काडी, आणि ती काचेवर घासायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची, नाहीतर पेशी चिरडतात. शिवाय ब्लेडची खरवड आणि सुई. साहजिकच प्रश्न आला, यात श्रेष्ठ कोणती?

जंतू मोजायचे तर माणसाच्या त्वचेसाठी विल्यमसन आणि क्लिगमन यांनी १९६५ मध्ये एक पद्धत दिली होती. कातडीवर एक कडे दाबून धरायचे, त्यात साबणी द्रावण ओतायचे, कांडीने घासायचे आणि ते द्रावण वाढवून जंतू मोजायचे. प्राण्यांच्या संशोधकांनीही ती वापरली. प्रयोगाला उत्तम, पण दवाखान्यात अशक्य. अस्वस्थ लॅब्रेडॉरच्या पोटावर कडे धरून उभे राहायला मी तरी तयार नाही.

तुलनांमधून कोणतीही एक पद्धत अजिंक्य ठरली नाही. ठरले ते असे, की पट्टीवरचा आकडा आणि काचेच्या ठशावरचा आकडा यांची बरोबरी होत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रात किती यीस्ट म्हणजे आजार, याचे आकडे वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळे दिले, त्यामागे हेही एक कारण आहे. जागा बदलली, कुत्र्याची जात बदलली तरी आकडा बदलतो. त्यातून काही कुत्र्यांना या यीस्टची ॲलर्जी असते, त्यांना थोड्या यीस्टनेही प्रचंड खाज सुटते.

काही जुन्या सवयी मात्र तुलनेत उघड्या पडल्या. कानातल्या मळाची काचपट्टी रंगवण्याआधी खालून लायटर धरून तापवायची पद्धत पशुवैद्यांत सर्रास होती. २००६ मध्ये तापवलेल्या आणि न तापवलेल्या पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा म्हणावा असा फरक दिसला नाही.

डेमोडेक्सची तुलना जास्त रंजक आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एकाच कुत्र्यावर खोल खरवड आणि कातडी पिळून लावलेली चिकटपट्टी यांची तुलना प्रसिद्ध केली. पट्टीत किडे जास्त मिळाले. डोळ्याभोवती आणि बोटांत ब्लेड चालवणे धोक्याचे असते, तिथे ही मोठीच सोय. पण यातली किमया पट्टीपेक्षा पिळण्यात आहे, हे ध्यानात घ्या. पिळले नाही तर किडा नळीतच बसून राहतो.

ब्राझीलचाच आणखी एक अनुभव सांगतो. रिओ दि जानेरोमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मांजरांमध्ये स्पोरोथ्रिक्स बुरशीची साथ आली आणि ओरखड्यांतून ती माणसांत उतरली. मांजराच्या जखमेवर काचपट्टी टेकवली, रंगवली, की लांबट यीस्ट बहुधा भरपूर दिसतात. निदान काही मिनिटांत, तेही गरीब वस्तीतल्या दवाखान्यात. त्याच घरातल्या माणसाच्या जखमेवर तीच काचपट्टी टेकवली तर बहुधा काहीच दिसत नाही, कारण माणसाच्या जखमेत ही बुरशी अगदी तुरळक असते, तिथे कल्चरच करावे लागते. बुरशी एक, पद्धत एक, आणि उपयोग मात्र प्राणी पाहून.

सुई

राहिली गाठ. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये सुई-सिरिंजने गाठीतून पेशी ओढून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. स्वीडनमध्ये फ्रान्झेन आणि झायिचेक यांनी १९५० नंतर बारीक सुया वापरून तिला प्रतिष्ठा दिली. आपण तिला एफएनएसी म्हणतो. पुढे फ्रान्समध्ये सिरिंज न ओढता नुसती सुई आत-बाहेर करून पेशी मिळवण्याची रीत आली, ती रक्ताळ गाठींना बरी पडते. पशुवैद्य आज दोन्ही वापरतात.

कुत्र्याच्या कातडीवर चरबीच्या निरुपद्रवी गाठी खूप होतात आणि मास्ट पेशींचा कर्करोगही बराच होतो. हाताला दोन्ही सारख्याच लागू शकतात. गाठ वरून फुटली असेल आणि तिथे नुसती काचपट्टी टेकवली, तर पू आणि जंतू दिसतात आणि 'संसर्ग आहे' असे चुकीचे समाधान मिळते. खालचा कर्करोग सुईशिवाय बोलत नाही. यातही एक मेख आहे. मास्ट पेशींचे दाणे डिफ-क्विकने कधीकधी रंगतच नाहीत. शंका असेल तर दुसरी पट्टी लिशमन किंवा गिम्सा रंजकाने रंगवून पाहावी लागते.

काकांच्या लॅब्रेडॉरचा अहवाल असा आला. पोटावरच्या पट्टीत मॅलासेझिया खच्चून, कानातही तेच. खरवडीत काही नाही. गाठीत फक्त चरबी. खरवड रिकामी असूनही डॉक्टरांनी किड्याची गोळी दिली, कारण कानाच्या कडा खरखरीत आहेत आणि काकूंच्या हातावरही बारीक पुळ्या आहेत. काकूंना मी माझ्याकडे बोलावले आहे. त्यांच्या पुळ्या मी फोडणार नाही, शेजारची रेघ शोधणार आहे.

तुमच्या घरी असा प्राणी असेल तर तपासणीआधी तीन-चार दिवस त्याला औषधी शाम्पूने आंघोळ घालू नका, मलम लावू नका आणि कान साफ करून नेऊ नका. जे शोधायचे तेच धुऊन जाते. आधी स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक झाले असेल तर तारखेसह सांगा, आणि जमल्यास चिठ्ठी दाखवा.

काकांना दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. नमुना पोटावरच्या त्याच जागेवरून आणि चिकटपट्टीनेच घ्यायचा आहे, काचेच्या ठशाने नाही, नाहीतर आधीच्या आकड्याशी त्याची तुलना होणार नाही. तोपर्यंत आंघोळ बंद, हे ऐकून लॅब्रेडॉर खूश आहे, काकू नाहीत.